बाईंची इटली

बाई गाडी घेऊन निघाल्या की आमच्या गल्लीतली कुत्री रस्त्यातून उठायची नाहीत. गाडी आपल्यापाशी येऊन थांबणार, वरून कुणीतरी "उठा रे बापा, शाळा भरली" म्हणणार, आणि मग अंग झटकून बाजूला झालं तरी चालतं, हे त्यांना पाठ झालं होतं. आणि ही गाडी होती शर्यतीची. इटलीतल्या डोंगराळ वळणांवर दुसऱ्या गाड्यांना मागे टाकायला कुणीतरी हातांनी ठोकून घडवलेली, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची. भंडाऱ्यात तिला सायकलवाले ओलांडून जात आणि जाताजाता "नमस्ते बाई" म्हणत.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढी पळणारी गाडी, तुम्ही थोडी तरी पळवत का नाही?"

"वेग असनं वेगळं अन् घाई असनं वेगळं," बाई म्हणाल्या. "तिच्यात वेग हाये. मले घाई नाही."

त्या काळात जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळा झाला होता. आमच्या ऑफिसातली निम्मी कपाटं आणि निम्मी माणसं तिकडे गेली, आणि रिकाम्या झालेल्या एका खुर्चीवर साताऱ्याकडची मी बदलून आले. खोली शोधत बाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी ना माझं आडनाव विचारलं, ना पगार. एवढंच विचारलं, "भात खातं ना तू? दोन्ही टाइम?" मी हो म्हणाले. "मंग जमते. गाडीले हात लावायचा नाही. बाकी घर तुयंच."

बाई मुलींच्या शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. उंच, सुकलेल्या, कायम कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, पातळ नेसणाऱ्या. मूळ गाव आंधळगाव, कोष्ट्याचं घर, तिथे भाऊ अजून मागावर कोसा विणायचा. वर्गात त्या म्हणे अगदी पुस्तकातली मराठी बोलत, पण शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की इकडची. "मी जातो", "मी करतो" असं बाईमाणसाच्या तोंडून ऐकायची मला पहिल्यांदा गंमत वाटली. वर्षभरानं सातारला गेले तर आई म्हणाली, "हे काय, तूही 'मी येतो' म्हणायला लागलीस?"

रोज सकाळी अंगणात सडा टाकून झाला की बाई गाडीच्या मांडवात जात. बोरूच्या काडीसारखी बारीक किल्ली फिरवत आणि इंजिन सुरू झालं की डोळे मिटून, बॉनेटवर तळहात ठेवून ऐकत. वैद्य नाडी बघतो तसं. मग बंद करून घरात येत. "सर्दी हाये तिले," असं कधी म्हणत, किंवा "आज बरी हाये." सर्दी असली की चौकातला मिस्त्री यायचा. या गाडीचं इंजिन आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं इंजिन ही जवळची भावंडं होती, म्हणून टॅक्सीचे जुने सुटे भाग तिला चालून जात. एवढ्या एका नशिबावर ती गाडी आमच्या गावात इतकी वर्षं जगली होती.

बाकी तिच्या अंगावर इटलीचं फारसं काही उरलं नव्हतं. नाकावरची जाळी कधीतरी तुटली, तेव्हा भांडीबाजारातल्या कारागिरानं पितळेची नवी घडवून दिली. सीटचं कातडं उंदरांनी खाल्लं, तर भावानं जाड कोसा विणून दिला, मधाच्या रंगाचा. दिवे स्कूटरचे. आणि रंग निळा. शाळेची दारं रंगवून ऑइलपेंट उरला होता, मुख्याध्यापक म्हणाले वाया जाईल, बाईंनी तो गाडीला लावला. त्यामुळे ती शाळेसमोर उभी असली की शाळेचाच एक दरवाजा निखळून चाकांवर ठेवल्यासारखी दिसे.

दरवर्षी आठवीच्या मुलींना बाई घरी आणत आणि गाडीभोवती उभं करून इटली शिकवत. निवृत्त झाल्यावरही शाळा मुली पाठवायची, मी स्वतः तो तास जिन्यात बसून ऐकला आहे. बॉनेट म्हणजे आल्प्स. मागची डिकी म्हणजे समुद्र. मधे सीट होती ते पो नदीचं खोरं.

"आणि या खोऱ्यात काय पिकतं?" बाई पुस्तकी मराठीत विचारत.

द्राक्षं, कुणीतरी म्हणायची.

"धान! मुलींनो, धान. तुमच्या आयांसारख्याच तिथल्या बायका चिखलात वाकून रोवणी करायच्या. ही गाडी जिथे बनली, त्या शहरातून बाहेर पडलं की धानाच्या बांध्या लागतात. म्हणजे ही काही परकी नाही. धानाच्या देशातून धानाच्या देशात आली."

मग पोटातलं हसू दाबून आपल्या बोलीत जोडत, "अन् करडी गावाले धानाच्या बांधीत फसली होती तवा, चार बैलं लावून काढली. चिखल तिले नवा नव्हता, मलेच नवा होता."

ही गाडी बाईंना मिळाली ती जनगणनेच्या कामात. त्या तेव्हा नव्या लागलेल्या शिक्षिका होत्या, आणि तुमसरच्या पुढे, मॅंगनीजच्या खाणींकडच्या एका गावात घरं मोजायला त्यांना पाठवलं होतं. मालगुजाराच्या, म्हणजे तिथल्या जमीनदाराच्या, गोठ्यात कुणी राहतं का, हे पाहायला त्या आत शिरल्या.

"पायतो त काय," बाई सांगत, "धानाच्या तणसाच्या ढिगातून एक डोळा माह्याकडे पाहून राहिला. मी घाबरली. मंग तणस बाजूले केली, त हे निंगाली. आतमंदी कोंबडी अंड्यावर बसली होती. मी तिले म्हटलं, बाई, तुमच्या घरी किती माणसं?"

खाणीवर यंत्रं बसवायला आलेल्या एका इटालियन इंजिनीअरनं ही गाडी जहाजावर घालून आणली होती. दोन पावसाळे तो इथे राहिला, मग आजारी पडून मायदेशी गेला. गाडी मालगुजाराच्या मुलाकडे आली. त्यानं ती नदीच्या वाळूत पळवली, उलटवली, आणि कंटाळून गोठ्यात लोटली. बाईंनी ती मागितली तेव्हा तो हसला. फुकट द्यायची तर घराण्याचा मान आडवा आला. म्हणून बाईंनी लग्नासाठी घडवून ठेवलेल्या आपल्या सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि बैलबंडीच्या मागे बांधून गाडी आंधळगावला नेली.

वडिलांनी दारातूनच विचारलं, "हे काय होय?"

"मोटर."

"अन् लग्न?"

"मी मनातल्या मनात म्हटलं," बाई आम्हाला सांगत, "मोटर निदान बोलत त नाही."

वडील त्यांच्याशी बोलले नाहीत, ते पोळ्यापर्यंत. पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल सजून तोरणाखाली निघाले. विणकराच्या घरी बैल कुठला? संध्याकाळी वडील झेंडूची माळ घेऊन उठले, गाडीच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं आणि माळ घातली. म्हणाले, "आपल्या घरी हेच काय ते जनावर." तेव्हापासून दरवर्षी पोळ्याला गाडीची पूजा व्हायची. मी असतानाही झाली. पुरणपोळीचा पहिला घास बाईंनी बॉनेटवर ठेवला, आणि तो खायला गल्लीतली तीच कुत्री आली.

मग बाईंचे डोळे गेले. म्हणजे एकदम गेले नाहीत. काचबिंदू होता, कडेकडेनं अंधार आत सरकत होता, आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एका दुपारी बाजारातून येताना त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. मी धावत खाली आले. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या.

"खांब दिसला नाही का बाई?"

"खांब दिसला," त्या म्हणाल्या. "खांबापाशी पोरगं उभं होतं, ते दिसलं नाही."

शेजारचा लहानगा भिंतीला चिकटून उभा होता. त्याला काही झालं नव्हतं, चेंडू त्यानं छातीशी घट्ट धरला होता. बाई उतरल्या, त्याला जवळ घेतलं, त्याच्या आईच्या हाती दिलं. मग किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली. त्यानंतर त्यांनी गाडी कधीच चालवली नाही. कुणाला सांगावं लागलं नाही, आणि त्यांनीही कुणाला काही म्हटलं नाही. सकाळी इंजिन सुरू करून ऐकणं मात्र चालू राहिलं.

त्या हिवाळ्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत गाडीचा फोटो आला, आणि तो पाहून पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवणारे. माझ्या मनात अशा माणसांविषयी जे चित्र होतं, तसे ते अजिबात नव्हते. साधे, हळू बोलणारे. आल्याआल्या त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्याकडे काय आहे, तुम्हाला कल्पना आहे?"

"माझी गाडी आहे," बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. तुरीनच्या ज्या छोट्या कारखान्यात ही घडली, तो कधीच बंद पडला. तिथे अशा गाड्या थोड्याच बनल्या, त्यातल्याही बहुतेक शर्यतींत मोडून गेल्या. हिच्या सांगाड्यावरचा क्रमांक त्यांच्या ओळखीचा होता. ही शर्यतीत धावली होती. पावसात, धुक्यात, डोंगरातल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस. दाराच्या खालच्या कडेला त्यांनी नखानं निळा रंग खरवडला. खालून गडद लाल निघाला, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

बाई पुढे वाकून ऐकत होत्या. आठवीतल्या मुलीसारख्या. "मले तिचं लहानपन ठाऊकच नव्हतं," त्या मला म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळल्या. "आणखी सांगा."

सगळं सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही नेली तर काय कराल?"

"जशी होती तशी करीन. रंग, दिवे, जाळी, सीट, सगळं मूळचं."

"म्हणजे हा कोसा?"

"निघेल."

"पितळेची जाळी?"

"तीही."

"मग आमच्याकडचं काय राहील?"

गृहस्थांनी जाळीवरून एकदा बोट फिरवलं. गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. "खरं सांगू का ताई? काही नाही राहणार."

बाईंनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "चाय ठेव वं पोरी." आणि त्यांना म्हणाल्या, "तिचा तिकडचा इतिहास तुम्ही सांगितला. आता इकडचा ऐका. उद्या सकाळी तुम्ही गाडी चालवा, मी बसते. आंधळगावपर्यंत. मग काय ते बोलू."

दुसऱ्या दिवशी ते दोघं गाडीत आणि मागे माझ्या लुनावर मी, अशी वरात निघाली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बाई उजव्या बाजूला, रस्त्याच्या मधल्या अंगाला. समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर त्यांना पाहून हॉर्न वाजवी आणि बाई महाराणीसारखा हात हलवत. गृहस्थांनी वरठीच्या पुढे मोकळा रस्ता पाहून जरा वेग धरला, तर लगेच बाईंचा हात त्यांच्या मनगटावर. गाडी पुन्हा चालीवर. माझी लुना मधेमधे पुढे निघून जायची, मग मी लाजून थांबायची.

बाई सारख्या बोलत होत्या. मला सगळं ऐकू येत नव्हतं, पण त्या कुठे बोट दाखवत आहेत ते दिसत होतं. या झाडाखाली टायर फुटला होता. या घरची नवरी गाडीतून सासरी गेली, तिच्या बापाची ऐपत बंडीचीही नव्हती. या नाल्याला पूर होता तेव्हा परीक्षेच्या दोन मुली गाडीतून लांबच्या पुलानं नेल्या. ते गृहस्थ सुरुवातीला मान डोलवत होते. मोहाडीनंतर त्यांनी मान डोलवणं सोडलं आणि नुसते ऐकू लागले.

आंधळगावात भाऊ दारात उभा होता. आदल्या दिवशीच त्याला निरोप गेला होता. अंगणात बायका जमल्या होत्या. त्यांच्यातून तिशीतली एक बाई पुढे आली. तिला सगळा गाव मोटरी म्हणे. तिच्या आईला दिवस भरलेले असताना बाई घेऊन निघाल्या होत्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात, आणि तोवर मूल थांबलं नाही. मोहाडीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या मोहाखाली, या गाडीतच मोटरी जन्मली. बाईंनी आपलं कोशाचं पातळ फाडून तिला गुंडाळलं होतं.

मोटरीनं गृहस्थांना विचारलं, "तुमी नेऊन राहिले का हिले?"

"ताईंनी दिली तर."

"मंग जरा थांबा."

ती आत गेली आणि सूप घेऊन आली. त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, आणि भावानं त्याच आठवड्यात मागावरून उतरवलेला कोशाचा खण. तिनं गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि सीटवर ओटी भरली. सासरी जाणाऱ्या लेकीची भरतात तशी. बायकांपैकी कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. बाईंना नीट दिसत नव्हतं. त्या भावाला विचारत होत्या, "खनाचा रंग कोनता हाये? कोनता रंग देल्ला?"

"लाल," भाऊ म्हणाला. "तिचा असलीवाला लाल होता म्हने ना? पोरीनं फोनवर सांगतलं होतं, मुद्दाम लाल देल्ला."

फोन मीच केला होता. गृहस्थ हात जोडून उभे होते. ते म्हणाले, "ताई, हे सगळं मी पाहिलं. तरीही मी तिला जशी होती तशीच करणार. ते माझ्या हातून वेगळं होणार नाही."

"कालच समजलं मला," बाई म्हणाल्या. "खोटं बोलला असतात, तर दिली नसती. तुम्ही तिला जपाल. मला तर आता दिसतही नाही, माझ्याकडे ती नुसती गंजेल. न्या."

भंडाऱ्याच्या घरी ट्रक आला तेव्हा बाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडी फळीवरून वर चढली, ताडपत्री पडली, ट्रक वळला. बाई आत गेल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. दिसत नव्हतं, पण बोटांनी खडा बरोबर लागायचा त्यांना. दुसऱ्या सकाळी सडा झाल्यावर त्या सवयीनं मांडवात गेल्या. मी वरून पाहत होते. रिकाम्या जागेत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग परतल्या आणि जिन्याखालून मला हाक मारली, "चाय केला, ये." सकाळचा चहा त्यांनी मला कधीच विचारला नव्हता, कारण ती वेळ गाडीची असायची. त्यानंतर मी भंडाऱ्यात होते तोवर रोज सकाळचा चहा आमचा एकत्र झाला.

दोनेक वर्षांनी माझी बदली नागपूरला झाली. तिथे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, आणि पुण्याच्या गृहस्थांचा निरोप आला की ताईंना घेऊन या. मी भंडाऱ्याला जाऊन बाईंना एसटीनं आणलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मैदानावर रांगेनं गाड्या उभ्या होत्या आणि त्यांत ती. मी ओळखलंच नाही. डाळिंबी लाल, आरशासारखी, काळ्या कातड्याच्या सीट, चकचकीत जाळी. बाजूला दोरी बांधलेली. गृहस्थांनी स्वतः दोरी सोडली आणि बाईंचा हात धरून आत नेलं. बाईंनी बॉनेटवर तळवा ठेवला, दिव्याच्या खोबणीतून बोट फिरवलं, सीटवर हात दाबून पाहिला. गृहस्थांनी इंजिन सुरू केलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"सर्दी नाही तिले," बाई म्हणाल्या. तेवढंच. गृहस्थांना चांगलं झालं म्हणून सांगितलं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाल्या, "चाल, गाडी हुकन."

परतीच्या एसटीत खिडकीशी बाई, मधे मी, आणि पलीकडे लाखनीची एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. बराच वेळ ती बाईंकडे वाकून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"कोठी गेल्या होत्या वं बाई?"

मी काहीतरी सांगणार होते, पण बाईच म्हणाल्या, "लेकीकडं."

"बरी हाये लेक?"

बाईंनी थोडा विचार केला. खिडकीतून येणारं वारं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"सुखात हाये," त्या म्हणाल्या. "आमच्या घरचं काही आंगावर ठेवलं नाही तिनं. पन सुखात हाये."